पाचवी-सहावीला अलंकार शिकवताना: 'सारखा' दिसला की मुलं डोळे मिटून उपमा लिहितात, काय करावं?

खडूफळा यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. पाचवी आणि सहावीच्या मुलांना मराठीच्या तासाला साहित्यातल्या संज्ञा शिकवायच्या आहेत. पद्यासाठी यमक, अनुप्रास, उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, चेतनगुणोक्ती (निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं सांगणं), अतिशयोक्ती. गद्यासाठी निवेदक, कथानक, मध्यवर्ती कल्पना एवढंच. या कामाला आठवड्याला ३५ मिनिटांची एकच तासिका मिळते, म्हणजे सत्रभरात साधारण १२. पट ४२.

अडचणी अशा:

१. व्याख्या तोंडपाठ असतात, पण नवं वाक्य दिलं की गाडी अडते. 'सारखा' आला की उपमा, 'जणू' आला की उत्प्रेक्षा. 'तो सारखा रडतो' यालाही उपमा!

२. चेतनगुणोक्तीला मुलं विचारतात, 'झाड तर सजीव आहे, मग ही निर्जीव वस्तू कशी?' प्रश्न बरोबर आहे, उत्तर काय द्यावं?

३. इंग्रजीच्या तासाला सिमिली, मेटॅफर, अलिटरेशन शिकवतात आणि मुलं दोन्हीकडची सरमिसळ करतात.

आधी काय, नंतर काय, आणि चाचणीत नेमकं काय विचारावं? अनुभवी मंडळींनी तपशिलात सांगावं ही विनंती.

---

पाटीपेन्सिल

खडूफळा ताई, दुखणं व्याख्येत नाही, खुणेच्या शब्दांत आहे. सारखा, जणू, सम, परी, गमे, भासे, वाटे, की या शब्दांची यादी फळ्यावर आधी लिहिली की मूल वाक्य वाचणंच सोडतं आणि शब्दाची शिकार करतं. म्हणून पहिले दोन आठवडे यादी दाखवूच नका. त्याऐवजी प्रत्येक वाक्याला हे चार प्रश्न, याच क्रमाने:

बोलणं कोणाबद्दल चाललंय? ते कशाशी जोडलंय? कोणत्या गुणात जुळतंय? कोणत्या शब्दाने जोडलंय?

याच क्रमाने उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्यवाचक शब्द हाती येतात. ही जड नावं तिसऱ्या तासिकेपर्यंत उच्चारली नाहीत तरी काही बिघडत नाही. खुणेचा शब्द चौथ्या प्रश्नात येतो, पहिल्यात नाही, सगळी गंमत तिथे आहे. 'तो सारखा रडतो' याला दुसरा प्रश्न विचारा: कशाशी जोडलंय? कशाशीच नाही. इथे 'सारखा' म्हणजे सतत. मूल स्वतःच्या तोंडाने 'मग उपमा नाही' म्हणतं.

फसवी वाक्यं मुद्दाम गोळा करून ठेवा. माझ्या मते खऱ्या वाक्यांपेक्षा तीच जास्त शिकवतात.

'तुझा सदरा माझ्या सदऱ्यासारखा आहे.' जोडणी आहे, पण दोन्ही सदरेच. ही नुसती तुलना झाली. उपमेला दोन वेगळ्या जातीच्या वस्तू लागतात आणि त्यांच्यातलं साम्य ऐकून थोडी मजा वाटावी लागते. 'ताईचा आवाज आईसारखा आहे' हेही त्याच माळेतलं.

'मला वाटतं, उद्या पाऊस येईल.' यादीत 'वाटे' असतो म्हणून मुलं उत्प्रेक्षा लिहितात. पण हा खरा अंदाज आहे, कल्पना नाही.

'आई म्हणाली की जेवायला ये.' 'की' हाही यादीत असतो. इथे तो फक्त दोन वाक्यं जोडतो.

'परी'चे तर तीन अर्थ: जुन्या कवितेत 'पण', शब्दाला चिकटला तर 'सारखा', आणि गोष्टीतली पंखवाली परी. तिन्हींचं एकेक वाक्य फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.

आणखी एक. मुलं उपमेय आणि उपमान उलटसुलट करतात, विशेषतः उपमान आधी आलं तर. 'मोत्यांसारखे दाणे' यात पहिला शब्द मोती म्हणून मोती उपमेय, असं लिहून मोकळी होतात. त्यावर उपाय सोपा आहे: 'सारखा' किंवा 'परी' ज्याला चिकटलाय ते उपमान. उरलेलं, ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय, ते उपमेय. याच वाक्यात गुण सांगितलेलाच नाही, हेही दाखवा. दाणे टपोरे, की पांढरे, की चकचकीत? गुण गाळलेला चालतो, वाचणारा तो मनात भरतो. याला लुप्तोपमा म्हणतात, पण ते नाव फक्त तुमच्यासाठी, मुलांना नको.

आता उपमा, उत्प्रेक्षा, रूपक यांतला फरक. तीन वेगवेगळी उदाहरणं दिली की गोंधळ वाढतो, कारण वस्तूही बदलते आणि अलंकारही बदलतो. वस्तूंची एकच जोडी धरा आणि तिलाच पायऱ्या चढवा. जोंधळ्याचे दाणे आणि मोती ही जोडी घ्या:

दाणे मोत्यांसारखे टपोरे आहेत. (उपमा)
कणसातले दाणे जणू मोतीच! (उत्प्रेक्षा)
खळ्यावर दाण्यांचे मोती सांडले. (रूपक)
हे दाणे नव्हेत, मोती आहेत. (अपन्हुती)
मोत्यांहून टपोरे दाणे. (व्यतिरेक)
जोंधळ्यासारखा जोंधळाच. (अनन्वय)

पाचवीला पहिल्या तीन पायऱ्या, हुशार सहावीला चौथी आणि पाचवी. सहावी पायरी मुलांना फार आवडते, पण ती परीक्षेसाठी नाही, मजेसाठी. प्रत्येक पायरीला विचारायचं, 'बोलणारा काय म्हणतोय?' उत्तरं अशी यायला हवीत: 'तसं दिसतं', 'तेच आहे की काय असं वाटतं', 'दोन्ही एकच', 'हे नव्हेच, ते आहे', 'हे त्याहून सरस'. हे शब्द मुलांच्या तोंडी बसले की व्याख्येची गरज उरत नाही.

मग प्रत्येक गटाने स्वतःची जोडी घ्यायची आणि शिडी चढायची. ४२ मुलांचे सहा-सहाचे ७ गट करा. जोडी निवडताना एकच अट: दोन्ही वस्तू मुलांनी डोळ्यांनी पाहिलेल्या हव्यात. 'मुख कमलासारखे' लिहिणाऱ्या बहुतेक मुलांनी कमळ जवळून पाहिलेलं नसतं, म्हणून गुण विचारला की गप्प बसतात. ढग आणि पिंजलेला कापूस, पाण्याचं डबकं आणि फुटका आरसा, एसटीचा आवाज आणि खोकला अशा जोड्या चालतात.

---

सूपभरलाह्या

वरच्या उत्तराशी सहमत, फक्त एक दुरुस्ती सुचवते. खुणेच्या शब्दांची यादी अगदीच टाळू नका. ज्या मुलांना वाचनाचाच त्रास आहे, त्यांना पकडायला काहीतरी लागतं. यादी द्या, पण शेवटी आणि 'हा शब्द दिसला तर थांबून तपासा' या सूचनेसह. खूण म्हणजे दार, घर नव्हे.

या यादीत बोलीतले शब्दही घाला. 'दुधावानी पांढरं', 'माकडागत उड्या' असं मुलं घरी रोज ऐकतात. वानी आणि गत हे साधर्म्यवाचकच आहेत. पुस्तकातल्या 'सम'पेक्षा मूल त्यावर लवकर पकड घेतं, आणि आपल्या घरच्या बोलण्यातही अलंकार असतो हे त्याला कळतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

रूपकासाठी कोड्यांइतकं चांगलं साधन दुसरं नाही. कोडी म्हणा, हुमाणं म्हणा.

'सूपभर लाह्या, त्यात एक रुपया.'
'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे.'

पहिल्याचं उत्तर चांदण्या आणि चंद्र, दुसऱ्याचं दात आणि जीभ. आता कोडं उलगडा: लाह्या म्हणजे चांदण्या, रुपया म्हणजे चंद्र, सूप म्हणजे आभाळ. तीन जोड्या! मुलांना आधी या जोड्या लिहायला लावा, मग उत्तर वाक्यात घालायला सांगा: 'आभाळाच्या सुपात चांदण्यांच्या लाह्या पसरल्या.' हे झालं रूपक. नेमका फरक इथे दाखवायचा: कोड्यात उपमेय लपवलेलं असतं, रूपकात ते समोर असतं आणि उपमानाशी एक झालेलं असतं. उपमेय पार गिळलेलं असेल तर जुने जाणकार त्याला रूपक न म्हणता अतिशयोक्तीचा प्रकार मानतात. तुम्हाला कोणी पालकाने टोकलं तर माहीत असावं म्हणून सांगितलं. वर्गात त्यात शिरू नका.

दुसऱ्या कोड्यावर थोडं थांबा. 'चिरे' म्हणजे घडवलेले दगड हे शहरातल्या मुलांना माहीत नसतं, ते आधी सांगा, नाहीतर कोडं नुसतं पाठांतर होतं. मग विचारा, जिभेला नागीणच का म्हटलं? लवचीक, सतत आत-बाहेर करणारी. आणि टोचून बोलणारी सुद्धा! इथपर्यंत कोणी पोचलं तर त्या दिवसाचं काम झालं.

तासिकेचा हिशोब: कोडी सोडवायला ८ मिनिटं, जोड्या लिहायला ७, रूपकाचं वाक्य करायला १०, उरलेली १० मिनिटं मुलांनी स्वतः कोडं रचायला. कोडं रचताना 'उत्तराचं नाव घ्यायचं नाही' हा एकच नियम.

---

वाऱ्याचीवरात

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. झाड सजीव आहे हे परिसर अभ्यासात शिकून आलेलं मूल बरोबरच बोलतंय. त्याला गप्प करू नका. सांगा की विज्ञानाच्या तासाला आपण विचारतो, 'ते जिवंत आहे का?' इथे विचारतो, 'ते माणसासारखं बोलू, रुसू, ठरवू शकतं का?' झाड वाढतं, श्वास घेतं, पण ते रुसत नाही. 'चिंच यंदा आमच्यावर रुसली' म्हटलं की माणसाचा गुण चिंचेवर चढवला. म्हणजे कसोटी क्रियापदाची आहे, वस्तूची नाही. मुलांना क्रियापदाखाली रेघ मारायला लावा आणि विचारा, 'ही क्रिया माणसाची की त्या वस्तूची नेहमीची?'

या कसोटीवर फसवी वाक्यंही सुटतात. 'घड्याळ चालतं', 'रस्ता गावाला जातो', 'पाऊस येतो' यांत चालणं, जाणं, येणं आहे, पण ते आता रोजच्या भाषेत मुरलेलं आहे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाय दिसत नाहीत. 'घड्याळ दमून भिंतीला टेकलं' म्हटलं की दिसतात. मुलं 'घड्याळ चालतं'ला चेतनगुणोक्ती म्हणाली तर चूक म्हणून काट मारू नका. 'कधीकाळी असेल, आता झिजलं' असं सांगा.

उलट बाजू: कोल्हा बोलतो, ससा न्याय मागतो अशा प्राण्यांच्या बोधकथा. मराठीत चेतनगुणोक्ती अचेतनावर चेतनाचा आरोप करते. कोल्हा मुळात चेतन. म्हणून मी ती उदाहरणं या अलंकारात घेत नाही, 'प्राणी पात्रं असलेली बोधकथा' असं वेगळं ठेवते. इंग्रजीतल्या पर्सॉनिफिकेशनमध्ये मात्र प्राण्यांना माणसाचे गुण देणंही येतं. सरमिसळीचं एक मूळ इथेच आहे.

नादाच्या शब्दांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. खळखळ, सळसळ, गडगडाट, किलबिल हे अलंकारांच्या यादीत नसतात. व्याकरणात ते अभ्यस्त शब्दांतले अनुकरणवाचक शब्द. पण कविता वाचायला शिकवताना सुरुवात इथूनच करावी, कारण मुलांचा कान आधी तयार असतो. पहिल्या तासिकेला डोळे मिटून दोन मिनिटं वर्गाबाहेरचे आवाज ऐकायचे, मग त्यांना शब्द द्यायचे. पंख्याला 'घरघर', चपलांना 'फटफट', पाण्याच्या नळाला 'टपटप' की 'टिपटिप'? थेंब मोठा की बारीक, त्यावर ठरतं. हा वाद पाच मिनिटं चालू द्या.

एक सापळा: चमचम, लखलख, झगमग. शब्दांची घडण हुबेहूब तशीच, पण आवाज कुठाय? चांदणी चमचमते तेव्हा काहीच ऐकू येत नाही. हे डोळ्यांना दिसणाऱ्याचं अनुकरण. मुलांना दोन रकाने द्या, 'कानाचे' आणि 'डोळ्यांचे'. 'रिमझिम' कोणत्या रकान्यात, यावर वर्ग दोन भागांत फुटतो, आणि दोन्ही बाजूंना म्हणायला जागा आहे.

---

दोनकाठीनौका

इंग्रजी-मराठीच्या सरमिसळीवर. 'सिमिली म्हणजे उपमा, मेटॅफर म्हणजे रूपक' असा तक्ता भिंतीवर असेल तर काढून ठेवा. जोड्या पुरत्या जुळत नाहीत.

शाळेतल्या इंग्रजीत उत्प्रेक्षेला वेगळं घर नाही. 'जणू' वापरून केलेलं वाक्य तिकडे बहुधा सिमिलीतच जातं. म्हणून इंग्रजीत बरोबर उत्तर देणारं मूल मराठीत उत्प्रेक्षेला उपमा लिहितं. त्याची समजूत चुकलेली नाही, खाती वेगळी आहेत. एवढं एक वाक्य सांगितलं तरी गोंधळ निम्मा होतो.

अलिटरेशन आणि अनुप्रास यांतही फरक आहे. शाळेत शिकवलं जाणारं अलिटरेशन शब्दाच्या सुरुवातीच्या ध्वनीवर बघतात. अनुप्रासात वर्ण शब्दात कुठेही पुन्हा आला तरी चालतो. 'गडद निळे गडद निळे जलद भरुनि आले' या कवितेच्या धाटणीचं वाक्य घेऊन बघा: 'वळणावळणाने वाहत विहिरीवर पावलं वळली.' यात 'पावलं'मधला व सुरुवातीला नाही, तरी तो नादात भर घालतोच. मुलांना नुसते पहिले वर्ण मोजायला लावले तर तो निसटतो.

अनुप्रास शिकवताना 'किती वेळा आला तर अनुप्रास' हा प्रश्न हमखास येतो. ठरलेला आकडा नाही. वर्गापुरता नियम करा: एका ओळीत तोच वर्ण तीन किंवा अधिक वेळा आणि मोठ्याने वाचल्यावर कानाला कळतो, तर अनुप्रास. 'कच्चा पापड, पक्का पापड'पासून सुरुवात केली तर पहिली पाच मिनिटं हसण्यातच जातात, आणि जावीत.

अक्षर आणि ध्वनी एक नसतात, हेही इथेच दाखवता येतं. 'चार चाकं' मोठ्याने म्हणा. 'चार'मधला च टाळूला जीभ लावून येतो, 'चाकं'मधला दातांजवळून. लिहिताना एकच च, कानाला दोन. मुलं आपल्या तोंडात जीभ कुठे लागते ते तपासतात, आणि त्यानंतर कविता डोळ्यांनी नव्हे तर कानांनी वाचायला लागतात. स आणि श वेगळे धरा. श आणि ष बोलताना बहुतेकांचे सारखेच येतात, ते एकत्र धरायला हरकत नाही.

श्लेष पाचवीला नको, सहावीच्या शेवटी एखाददुसरा. उदाहरण: 'आमच्या घरात सगळ्यांना मान आहे, फक्त मातीच्या बाहुलीला नाही.' मान हा शब्द एकदाच आलाय आणि अर्थ दोन लागतात. हे जमतं कारण 'आहे'ला लिंग कळत नाही. 'मान दिला' किंवा 'मान मोडली' म्हटलं की लिंग उघड होतं आणि एक अर्थ गळून पडतो. 'नाव'चंही तेच, 'नाव बुडालं' आणि 'नाव बुडाली' वेगळी. स्वतः श्लेष रचताना मुलं नेमकी इथे अडकतात. पान हा शब्द सोयीचा: झाडाचं, वहीचं, विड्याचं, जेवणाचं, सगळी पानं नपुंसकलिंगीच.

---

साडेतीनचरण

यमक आणि छंदाबद्दल थोडं, कारण हा भाग हाताने मोजता येतो आणि कच्च्या मुलांनाही त्यात यश मिळतं.

यमक: शेवटचं अक्षर जुळलं की यमक, असं मुलं समजतात. 'पाणी' आणि 'माती' यांचा शेवट 'ई', एवढ्यावर भागत नाही. नियम द्या: शेवटचं अक्षर अख्खं जुळावं आणि त्याच्या आधीचा स्वरही. पाणी-गाणी पक्कं. नदी-गादी अर्धं, कारण अ आणि आ. पाणी-माती नाही. पक्कं, अर्धं, नाही असे तीन रकाने करून २० जोड्या वाटून द्या. तोच शब्द त्याच अर्थाने पुन्हा आणला तर ते यमक धरायचं नाही, हे आधीच सांगा, नाहीतर सगळ्या ओळी 'आहे'वर संपतात. म्हणींमध्ये यमक भरपूर मिळतं: 'आधी पोटोबा, मग विठोबा', 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी'.

अभंग: मोठा अभंग चार चरणांचा, अक्षरं ६-६-६-४, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. तुकोबांची सगळ्यांना पाठ असलेली ओळ घ्या:

सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी ।
कर कटावरी । ठेवोनिया ॥

सुं-द-र-ते-ध्या-न सहा. उ-भे-वि-टे-व-री सहा. क-र-क-टा-व-री सहा. ठे-वो-नि-या चार. विटेवरी, कटावरी जुळलं. मुलं 'ध्यान' मोजताना ध, या, न असे तीन मोजतात आणि हिशोब सात होतो. जोडाक्षर एकच धरायचं आणि अनुस्वार वेगळा मोजायचा नाही, हे दोन नियम आधी सांगा. बोटांवर मोजू नका, टाळी वाजवून मोजा. एका अक्षराला एक टाळी दिली की अर्ध्या अक्षराला टाळी पडतच नाही.

छोटा अभंग दोन चरणांचा, बहुतेक वेळा ८-८ अक्षरं आणि शेवटी यमक: 'लहानपण देगा देवा । मुंगी साखरेचा रवा ॥' (इथे पहिल्या चरणात एक अक्षर जास्त, नऊ.) दोन्ही शेजारी ठेवले की फरक डोळ्यांत भरतो.

ओवी: ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली 'माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंहि पैजा जिंके । ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन ॥' पहिल्या तीन चरणांचा शेवट 'के'ने जुळतो, चौथा आखूड आणि मोकळा. म्हणून साडेतीन चरण. इथे अक्षरं मोजायला लावू नका, ओवीत ती ठरलेली नसतात. मुलं ६-६-६-४ शोधत बसतात आणि नाराज होतात. जमल्यास एवढं विचारा: अमृताशी पैज जिंकणारा बोल म्हणजे वरच्या शिडीतली कितवी पायरी? पाचवी, व्यतिरेक.

---

पानामागेकोण

गद्यातल्या तीन संज्ञांबद्दल, थोडक्यात.

निवेदक म्हणजे लेखक नव्हे. गोष्टीत 'मी एक छत्री' असं आलं तर लिहिणारं माणूस आहे, सांगणारी छत्री. दोन वेगळे प्रश्न विचारा: 'लिहिलं कोणी?' आणि 'सांगतंय कोण?' कवितेतल्या 'मी'लाही हेच लागू. 'मी' दिसला की प्रथमपुरुषी, हाही सापळाच: संवादात पात्रं 'मी' म्हणतातच. अवतरणचिन्हातला भाग झाकून उरलेल्या मजकुरात 'मी' शोधायचा.

मध्यवर्ती कल्पना, सारांश आणि तात्पर्य या तिघांत मुलं हमखास घोळ घालतात. तहानलेल्या कावळ्याच्या गोष्टीवर हे झटकन दाखवता येतं. सारांश: कावळ्याने घड्यात खडे टाकून पाणी वर आणलं आणि तो प्यायला. (काय घडलं?) मध्यवर्ती कल्पना: अडचणीत डोकं शांत ठेवून केलेली युक्ती. (गोष्ट कशाबद्दल आहे?) तात्पर्य: युक्तीने काम साधतं. (आपण काय घ्यायचं?) सारांशात कावळ्याचं नाव येतं, बाकी दोन्हींत येत नाही. मध्यवर्ती कल्पनेत पात्राचं नाव आलं तर तो सारांश झाला. आणि प्रत्येक गोष्टीला तात्पर्य असतंच असं नाही. विनोदी गोष्टीतून मुलं ओढूनताणून 'खोटं बोलू नये' काढतात, तेव्हा 'इथे तात्पर्य नाही' हेही बरोबर उत्तर धरा.

म्हण आणि वाक्प्रचाराचा फरकही याच वयात पक्का होतो. वाक्प्रचाराचा शेवट 'णे'ने होतो आणि तो वाक्यात घातला की रूप बदलतो: नाकी नऊ येणे, नाकी नऊ आले. म्हण तशीच्या तशी उभी राहते.

---

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम मी असा लावते आहे: नादाचे शब्द १, यमक १, अनुप्रास १, उपमा २, चेतनगुणोक्ती १, उजळणी १, उत्प्रेक्षा १, रूपक २, अतिशयोक्ती १, मिसळ १. एकूण १२. अभंग-ओवी आणि गद्य दुसऱ्या सत्रात. हे बरोबर वाटतंय का?

आणि दोन शंका. 'पाठीवर दप्तर नव्हे, डोंगर आहे' ही अतिशयोक्ती की अपन्हुती? चाचणी कशी काढू?

---

पाटीपेन्सिल

क्रम चांगला आहे. फक्त चेतनगुणोक्ती उपमेच्या लगेच नंतर नको, मध्ये उजळणी येऊ द्या. उपमेच्या चार प्रश्नांची सवय ताजी असताना मुलं 'चिंच रुसली'तही उपमान शोधत बसतात, आणि ते तिथे नसतं.

दप्तराच्या वाक्यात 'नव्हे' म्हणून दप्तर नाकारलं आणि त्या जागी डोंगर ठेवला, म्हणून अपन्हुती. वजन वाढवून सांगितलंय हेही खरं, त्यामुळे अतिशयोक्तीचा वास येतो. पण परीक्षेत बांधणी बघायची, आणि बांधणी नाकारण्याची आहे. अतिशयोक्तीसाठी जोडीच नसलेलं वाक्य द्या: 'आजोबा घोरायला लागले की गल्लीतली कौलं हलतात.' दुसरी वस्तू नाही, फक्त ताणून सांगणं. दोन प्रश्न पुरतात: हे खरंच घडेल का? नाही. सांगणारा फसवतोय का? तेही नाही, ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. खोटं बोलणं आणि अतिशयोक्ती यांतला फरक या दुसऱ्या प्रश्नात आहे.

चाचणी २० गुणांची काढा. नुसतं 'अलंकार ओळखा' ठेवू नका, त्यात अंदाजपंचे उत्तरं निघून जातात. ४ वाक्यं द्या, प्रत्येकी ३ गुण: नाव १, वाक्यातला पुरावा १, 'यामुळे डोळ्यांपुढे काय आलं किंवा कानाला काय ऐकू आलं' याला १. चारपैकी एक वाक्य फसवं हवं, ज्याचं बरोबर उत्तर 'अलंकार नाही' असेल, आणि पुरावा म्हणून का नाही ते. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर मुलं घाबरतात. उरलेले ८ गुण शिडीला: एक जोडी द्या, उदाहरणार्थ चिमणी आणि लोकरीचा गुंडा, आणि त्यावर उपमा, उत्प्रेक्षा, रूपक यांची तीन वाक्यं, प्रत्येकी २. शेवटचे २ गुण त्यातलं स्वतःला आवडलेलं वाक्य निवडून कारण लिहायला.

तिसऱ्या गुणाची उत्तरं तपासताना 'वाक्य सुंदर वाटते' याला गुण देऊ नका. 'दाणे हातात घेतल्यावर गार लागतात तसं वाटलं' याला पूर्ण द्या, मग शुद्धलेखन कसंही असो.

---

वाऱ्याचीवरात

एकच जोड. फसव्या वाक्यांची वही वर्गाने मिळून ठेवावी. सापळा ज्या मुलाने शोधला त्याचं नाव आणि तारीख त्याखाली. 'गाडी सारखी बंद पडते' असलं वाक्य बाजारातून शोधून आणणारं मूल उपमा पुन्हा चुकत नाही.

---

खडूफळा

वही सोमवारी सुरू करते. पहिलं पान 'तो सारखा रडतो'चं.